लाल उतरला ते साल

ऋतिकाचा पहिला फोन आला तेव्हा भास्कररावांनी "सध्या जरा गडबडीत आहे" म्हणून सांगितलं. दुसरा आला तेव्हा त्यांची दाढ दुखत होती. तिसऱ्या वेळी त्यांनी फोन अक्कांच्या हातात दिला आणि मी घरात नाही म्हणून सांग, अशी खूण केली. अक्का त्यांची थोरली बहीण. वय अठ्ठ्याहत्तर. देवासच्या शाळेत पस्तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेली. दुसऱ्यासाठी खोटं बोलणं तिच्या स्वभावात नव्हतं.

"आहे की," ती फोनमध्ये म्हणाली. "माझ्यासमोर बसलाय आणि हात हलवतोय. उद्या दहाला ये. पोहे खाऊनच जा."

येत्या गुढीपाडव्याला 'धार-देवास प्रिंट्स' या कंपनीला पंचवीस वर्षं पुरी होणार होती. त्या निमित्ताने कंपनीचा इतिहास छापायचं ठरलं होतं आणि ते काम ऋतिकाकडे आलं होतं. ऋतिका ही उदाजीरावांची नात, आणि उदाजीराव म्हणजे धारच्या जुन्या छपाई कारखान्याचे मालक. त्यांचा कारखाना आणि देवासच्या गोपाळरावांचा कारखाना एक झाले, त्यातून ही कंपनी उभी राहिली. भास्करराव दोन्हीकडचे रंगमास्तर. रंग कसा कालवायचा, कापड किती उकळायचं, कधी धुवायचं, हे ठरवणारा माणूस. पंचवीस वर्षं धारला काढली, पुढची तेरा देवासला. गोपाळराव जाऊन सहा वर्षं झाली होती. मास्तरांना सोडून हा इतिहास सांगणार तरी कोण?

नेमकं तेच भास्कररावांना नको होतं. इतिहास म्हटला की सत्त्याण्णव साल येणार.

दुसऱ्या दिवशी ऋतिका दहाला पाच कमी असतानाच आली. सत्तावीस-अठ्ठावीसची, मोकळी, बोलताना मान हलवणारी. तिने वाकून दोघांना नमस्कार केला आणि मोबाईल टेबलावर ठेवला.

"मास्तरआजोबा, मी रेकॉर्डिंग ऑन करू? चलेगा ना? मला मराठी सगळी समजते, फक्त लिहायला-वाचायला खूप टाइम लागतो."

"कर," भास्करराव म्हणाले, आणि आपण एवढे उगाच घाबरलो होतो असं त्यांना दहा मिनिटांतच वाटायला लागलं. कारण पोरगी ऐकत छान होती, आणि त्यांना सांगायलाही बरं वाटत होतं. तलावाच्या अंगाला असलेला धारचा कारखाना. लाकडी छाप्यांनी छापलेल्या चादरी आणि साड्या. गूळ आणि गंजलं लोखंड मडक्यात कुजवून काढलेला काळा, फिटकरी म्हणजे तुरटी आणि आल नावाच्या झाडाची मुळी यांतून निघणारा लाल. इकडे देवासला गोपाळरावांचं सगळं मशीनवर. सकाळी कोरं कापड घालायचं, दुपारी छापलेलं बाहेर.

"गोपाळरावांकडे मशीन होतं, पण लाल नव्हता," भास्करराव म्हणाले. "त्यांचा लाल तीन धुण्यांत विटेसारखा व्हायचा. आमच्याकडे लाल होता, पण एक साडी बाहेर पडायला पंधरा-पंधरा दिवस लागायचे."

"मग एकत्र आल्यावर सगळं सेट झालं?"

"एकत्र कसले! पहिल्या वर्षी एकाच कंपाऊंडमध्ये दोन गणपती बसले. एक धारवाल्यांचा, एक देवासवाल्यांचा. आरत्याही एका वेळी, म्हणजे कोणाची मोठ्याने होते ते कळावं. जेवायला धारवाले कडुनिंबाखाली, देवासवाले मशीनच्या ओट्यावर. आमचा माणूस छापा म्हणायचा, त्यांचा माणूस डिझाईन म्हणायचा, आणि दोघं एकमेकांना अडाणी समजायचे."

ऋतिका हसत सुटली. "मग जमलं कधी?"

"मशीनवर आमचा लाल चढला त्या दिवशी. सात महिने गोपाळराव आणि मी त्याच्या मागे होतो. खळ पातळ केली, घट्ट केली, चिंचोके बदलले. एक दिवस कापड उकळत्या पाण्यातून बाहेर काढलं आणि पाणी जसंच्या तसं स्वच्छ. गोपाळराव एवढा भारदस्त माणूस, त्या बादलीभोवती नाचला. पुढच्या वर्षी गणपती एकच बसला."

अक्कांनी पोह्यांवर शेव घालून बशा आणल्या. ऋतिकाने एक घास घेतला आणि सहज विचारलं, "आणि त्याच्या आधी, सत्त्याण्णवमध्ये, एक पूरा ट्रक वापस आला होता ना? चादरींचा रंग गेला म्हणून? पप्पांनी ऐकलंय कुठेतरी. तो किस्सा काय आहे?"

भास्कररावांचा चमचा बशीत राहिला. "असेल. मला आठवत नाही."

"ठीक आहे. पप्पा म्हणतात, छापणाऱ्यांनी फिटकरी नीट लावली नव्हती. मी तसंच एक ओळ टाकून देते."

ती गेल्यावर अक्का बशा उचलता उचलता म्हणाली, "तुला बहात्तर सालच्या पहिल्या पगारातून घेतलेल्या सदऱ्याचा रंग आठवतो. ट्रकभर माल परत आलेला आठवत नाही?"

भास्कररावांना आठवत होतं. पंचवीस वर्षांत असा एक महिना गेला नव्हता की त्यांना ते आठवलं नाही.

सत्त्याण्णवच्या श्रावणात दिल्लीच्या एका व्यापाऱ्याच्या लाल काठाच्या चार हजार चादरी तयार होत होत्या. फिटकरी छापली की कापड आठ दिवस तसंच ठेवायचं, म्हणजे ती धाग्यात मुरते. मगच धुवायचं आणि आलाच्या रंगात उकळायचं. हा नियम खुद्द भास्कररावांनी घातलेला. पण त्या वर्षी पावसाने कापड वाळायला वेळ लागला होता, माल जायची तारीख ठरलेली होती आणि मध्ये राखी आली होती. राखीला देवासला अक्काकडे जायचं, हा भास्कररावांचा धारला लागल्यापासूनचा शिरस्ता. छपाईवाल्या मारुतीने विचारलंही होतं, "मास्तर, चारच दिवस झालेत. घ्यायचं का धुवायला?" मारुती मनावर गावचा. बाप-आज्यापासून छापे मारणारा, हाताचा पक्का.

"घे," भास्करराव म्हणाले होते. "काही होत नाही."

तीन आठवड्यांनी ट्रक परत आला. पहिल्याच धुण्यात लाल उतरला होता आणि चादरभर गुलाबी पसरला होता. अंगणात गठ्ठे सोडले तेव्हा साठ-एक माणसं भोवती गोळा झाली. उदाजीराव आले, एक चादर उचलून उजेडात धरली, परत ठेवली. ते रागावले नाहीत. "मास्तर, हात धुवा, जेवून घ्या," एवढंच म्हणाले आणि निघून गेले. त्यांनी चार माणसांत कानाखाली वाजवली असती तरी भास्कररावांना इतकं लागलं नसतं.

पुढे दसरा आला. आदल्या दिवशी छाप्यांची पूजा झाली आणि दसऱ्याला उदाजीरावांनी सगळ्यांना बसवून सांगितलं की धारचं काम बंद होतंय, आपण देवासच्या गोपाळरावांबरोबर एक कंपनी करतोय, ज्याला यायचं त्याने यावं. चाळीस जण देवासला गेले. वीस जण गेले नाहीत. कोणी सरदारपुरला शेतीकडे परतला, कोणी आणखी कुठे. मारुतीने आपले छापे तेल लावून फडक्यात बांधले आणि मांडूला रस्त्याच्या कडेला दाल-पानियेचं, म्हणजे वरण आणि पानांत भाजलेल्या मक्याच्या भाकरींचं, हॉटेल टाकलं.

भास्कररावांनी श्रावण आणि दसरा यांची गाठ मारून टाकली ती कायमची. माझ्या चार दिवसांच्या घाईने साहेबांचं मन उठलं, धारचा कारखाना गेला, वीस घरांचं काम सुटलं. हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. आणि अक्काला तर कसं सांगणार, की तुझ्या राखीसाठी? देवासला उदाजीराव मीटिंगला आले की मास्तर रंगाच्या खोलीत शिरायचे आणि गाडी गेल्यावर बाहेर यायचे. धारला तर ते परत गेलेच नाहीत. लग्नाची पत्रिका आली की अक्का एकटी जायची.

हे सगळं पोटात ठेवून ते मेलेही असते. पण आता छापून यायचं होतं की चूक छापणाऱ्यांची. म्हणजे मारुतीची. ज्याने विचारलं होतं, त्याची.

भास्कररावांनी वही काढली. चार दिवस सकाळची आंघोळ झाली की ते खिडकीशी बसत आणि लिहीत. पहिल्या दिवशी लिहिलेलं दुसऱ्या दिवशी फाडत. अक्का स्वयंपाकघरातून बघत होती, पण तिने विचारलं नाही. पाचव्या दिवशी तीन पानं खिशात घालून ते रिक्षाने कंपनीत गेले.

ऋतिका डिझाईनच्या खोलीत होती. तिने पानं हातात घेतली, उलटसुलट केली आणि कानकोंडी झाली. "मास्तरआजोबा, सॉरी हं. तुमचं अक्षर एकदम जोडून-जोडून आहे. मला नाही वाचता येत. तुम्हीच वाचता का?"

याची कल्पना भास्कररावांनी केली नव्हती. लिहिणं एक वेळ जमलं होतं. आता ते स्वतःच्या तोंडाने म्हणायचं होतं, काचेच्या दारापलीकडे लोक येत-जात असताना. त्यांनी चष्मा पुसला, एकदा दाराकडे पाहिलं आणि सुरुवात केली. फिटकरी, आठ दिवस, चार दिवस, राखी, मारुतीचा प्रश्न आणि आपलं उत्तर. परत आलेला ट्रक. 'या चुकीस मी एकटा जबाबदार आहे. छपाई करणाऱ्या कोणाही माणसाचा यात तिळमात्र दोष नाही. या चुकीमुळेच धारचा कारखाना बंद करून देवासच्या कारखान्यात मिळवण्याची वेळ मालकांवर आली, आणि त्याबद्दल मी…' इथे त्यांनी पानांची घडी घातली. शेवटची ओळ त्यांनी वाचलीच नाही.

ऋतिकाने उठून पाण्याचा ग्लास पुढे केला. मग ती खुर्चीच्या कडेवर बसली, कपाळाला आठ्या घालून.

"एक मिनट. ट्रक वापस कधी आला?"

"सप्टेंबरात. गणपतीच्या आसपास."

"सत्त्याण्णवच्याच?"

"हो."

"पण मग ते कसं होईल?" तिने कॉम्प्युटरवर काहीतरी शोधलं आणि पडदा त्यांच्याकडे वळवला. "हा दोन्ही कंपन्यांचा ॲग्रीमेंट. धार आणि देवास एक करायचं, धारचं काम वर्षाच्या आत बंद करायचं, सगळं यात आहे. तारीख बघा ना."

भास्कररावांनी नाक पडद्याला लागेल इतकं वाकून पाहिलं. शेवटच्या पानावर दोन सह्या होत्या. गोपाळरावांची लफ्फेदार आणि उदाजीरावांची सरळ, मोडक्या काड्यांसारखी. ती त्यांनी पंचवीस वर्षं पगाराच्या पाकिटांवर पाहिली होती. खाली तारीख होती बावीस मार्च एकोणीसशे सत्त्याण्णव.

"होळीच्या एक दिवस आधी," ऋतिका म्हणाली. "मी चेक केलं होतं, धडा तिथूनच सुरू करायचा म्हणून."

मार्च आधी आणि ऑगस्ट नंतर, हे पहिलीच्या पोरालाही कळतं. पण भास्करराव बोटांवर महिने मोजत बसले. चैत्र, वैशाख, ज्येष्ठ, आषाढ. चादरींचं सूतसुद्धा तेव्हा आलं नव्हतं.

"मागची तारीख घातली असेल," ते अखेर म्हणाले. "माझं नाव खराब होऊ नये म्हणून. तुझ्या आबासाहेबांचा स्वभाव तसाच आहे."

"मग त्यांनाच विचारू या. लावते फोन."

"नको!" ते इतक्या जोरात म्हणाले की काचेपलीकडे दोघांनी मान वळवली. मग हळू आवाजात, "फोनवर नको. मी येतो धारला."

शनिवारी ऋतिकाने गाडी काढली. थंडीचे दिवस होते, शेतांत गहू हातभर वर आला होता. इंदूर ओलांडेपर्यंत भास्करराव तिला खिडकीतून हे दाखव, ते दाखव करत होते. घाटाबिल्लोद मागे पडलं तसे ते गप्प झाले. धारच्या वेशीवरचा तलाव दिसला तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले, आणि आपल्याला झोप लागलीय असं तिला वाटू दिलं.

उदाजीराव चौऱ्याऐंशीचे झाले होते. बंगल्याच्या गच्चीवर उन्हात खुर्ची टाकून, कानटोपी घालून बसले होते. डोळ्यांनी फारसं दिसत नव्हतं, पण पाठ तशीच ताठ होती.

"आबासाहेब, बघा मी कोणाला आणलंय," ऋतिका म्हणाली.

"कोण?"

"मी भास्कर."

"कुठला भास्कर?"

"रंगमास्तर."

उदाजीरावांचे हात खुर्चीच्या दांड्यांवर आवळले गेले. मग ते म्हणाले, "पंचवीस वर्षं लागली होय, मास्तर, राग जायला?"

"कोणाचा राग?"

"तुमचा. माझ्यावरचा."

भास्कररावांना वाटलं, म्हातारपणाने यांचा काही घोटाळा होतोय. ते समोरच्या स्टुलावर बसले आणि घरून पाठ करून आणलेलं सगळं धाडधाड बोलून टाकलं. साहेब, चूक माझी होती. मारुतीने विचारलं होतं. मी घाई केली. माझ्यामुळे कारखाना गेला. तुम्ही त्या दिवशी एका शब्दाने बोलला नाहीत, पण मला कळायचं ते कळलं.

उदाजीराव मान पुढे काढून ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांचं तोंड उघडं पडलं.

"तुमच्यामुळे?" ते म्हणाले. "चादरींमुळे कारखाना बंद केला मी? असं वाटत होतं तुम्हाला? इतकी वर्षं?"

"मग कशामुळे?"

"अहो, पाण्यामुळे! त्या माघात मागच्या मोहल्ल्यातली एक बाई आली होती माझ्याकडे. हातात तांब्या. म्हणाली, माझ्या विहिरीचं पाणी आहे, पिऊन दाखवा. पाणी लालसर होतं. आपल्या नाल्याचं झिरपत तिच्या विहिरीत गेलं होतं. मी तो तांब्या हातात धरून उभा राहिलो, आणि तोंडाला लावायची माझी हिंमत झाली नाही. त्याच दिवशी ठरलं माझं. धारला रंगाचं पाणी साफ करायची सोय करणं माझ्या एकट्याच्या आवाक्यात नव्हतं. गोपाळरावांनी देवासला ती केली होती. आठ दिवसांत मी त्यांच्या दारात गेलो. होळीला सही झाली."

"आणि आम्हाला दसऱ्याला सांगितलंत."

"हो."

"सात महिन्यांनी."

"हो," उदाजीराव म्हणाले, आणि त्यांची ताठ पाठ खुर्चीला टेकली. "रोज सकाळी ठरवायचो, आज सांगू. कारखान्यात यायचो, मारुती छापा मारताना दिसायचा, तुम्ही मडक्यात काठी घालून उभे दिसायचे, आणि जीभ उचलायची नाही. राखी होऊ दे, गणपती होऊ दे, असं करत करत दसरा आला. तो ट्रक आला तेव्हा, मास्तर, मला तुमच्यावर ओरडायचं होतं हो! चार हजार चादरी! पण कोणत्या तोंडाने ओरडू? तुमच्या पायाखालची जमीन मी होळीलाच विकून बसलो होतो. म्हणून म्हटलं, हात धुवा, जेवून घ्या."

भास्कररावांना आधी खूप राग आला. तो त्यांना कानापर्यंत चढलेला जाणवला. सात महिन्यांत एका दिवशी, एका वाक्यात यांनी सांगितलं असतं, तर तेरा वर्षं मी रंगाच्या खोलीत लपलो नसतो. अक्काला एकटीला लग्नांना पाठवलं नसतं. ते बोलणारही होते. पण समोर तो म्हातारा माणूस कानटोपीची नाडी सोडत-बांधत बसला होता. हाही मीटिंगला देवासला यायचा. आणि मास्तर समोर येत नाहीत, तोंड चुकवतात, म्हणजे आपल्याला माफ केलेलं नाही, असं समजून परत जायचा.

राग जसा चढला तसा उतरला. आणि तो उतरल्यावर भास्कररावांच्या लक्षात आलं की आपल्याला हलकं वाटतंय. गाडीतून उतरून, दिवसभर आवळून बसलेले बूट काढावेत तसं. चूक होतीच. ती त्यांचीच होती आणि त्यांचीच राहणार होती. पण ती चार दिवसांची आणि चार हजार चादरींची चूक होती. तेवढी एक माणूस उचलू शकतो.

"म्हणजे मी नाही घालवला कारखाना," ते म्हणाले. स्वतःच्या कानांनी एकदा ऐकावं म्हणून.

"नाही हो. तुम्ही फक्त चादरी घालवल्या."

यावर ऋतिकाला हसू आवरेना. मग भास्कररावही हसले, आणि हसता हसता त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. उदाजीरावांनी चाचपडत हात पुढे केला. भास्कररावांनी तो दोन्ही हातांत धरला. बराच वेळ कोणी सोडला नाही.

"त्या चादरींचं पुढे काय झालं?" ऋतिकाने विचारलं.

"पुन्हा दोनदा धुतल्या. सगळ्या एकसारख्या गुलाबी झाल्या," उदाजीराव म्हणाले. "मुलींच्या वसतिगृहांत दिल्या वाटून. पाच-सहा वर्षं टिकल्या. एक बाई मला परवा भेटली, आता स्वतः मास्तरीण आहे. म्हणाली, तुमच्या गुलाबी चादरी आम्हाला फार आवडायच्या."

"लाल म्हणून दिल्या असत्या तर नसत्या आवडल्या," भास्करराव म्हणाले.

मारुतीचं नाव निघालं. उदाजीराव म्हणाले, त्याचं हॉटेल तर आता दोन मजली झालंय, सुट्टीच्या दिवशी बसायला जागा मिळत नाही. त्याची सून छापे मारते, फडक्यातले छापे तिनेच सोडले, आणि मांडू बघायला येणारे लोक तिच्याकडून ओढण्या घेऊन जातात. भास्कररावांनी ते पुन्हा एकदा सांगायला लावलं.

"मग आबासाहेब, पुस्तकात काय लिहू मी?" ऋतिका म्हणाली.

"जे झालं ते लिही. घाई मास्तरांनी केली. उशीर मी केला. दोन्ही एकाच पानावर येऊ दे. आणि ती बाई, विहिरीवाली, तिलाही घाल. आपल्या कंपनीची सुरुवात तिच्या तांब्यातून झाली."

"पप्पांना नाही आवडणार."

"तुझ्या बापाला सांग, मी अजून जिवंत आहे."

जेवणं झाल्यावर भास्करराव म्हणाले, जागा बघायची. तिघं गाडीत बसून तलावाकडे गेले. कारखान्याच्या जागी आता मॅरेज गार्डन झालं होतं. फाटकावर झेंडूच्या माळा होत्या, आत कोणाच्या तरी लग्नाची तयारी चालली होती, मोठ्या कढईतून गराडूच्या कंदाचे तुकडे तळल्याचा वास बाहेर येत होता. वाळवणाच्या अंगणात हिरवळ पसरली होती. धुण्याची कुंडी बुजवून तिथे स्टेज केलं होतं. भास्कररावांना वाटलं होतं की इथे पाय ठेवताना छातीत कळ येईल. तसं काही झालं नाही. त्यांनी उदाजीरावांना हाताला धरून फिरवलं आणि इथे भट्टी, इथे मडकी, इथे मारुतीचं टेबल, असं एकेक दाखवलं. उदाजीराव दिसत असल्यासारखी मान हलवत होते.

जेवणाची व्यवस्था बघणारा एक जण लगबगीने पुढे आला. दोन म्हातारे आणि एक नीटनेटकी मुलगी बघून त्याने हात जोडले. "आओ भिया, आओ. किधर से हो, लड़के वाले कि लड़की वाले?"

भास्करराव गडबडले. उदाजीराव मात्र क्षणभरही थांबले नाहीत. "दोनों तरफ से," ते म्हणाले.

मग बसणं भागच होतं. खुर्च्या आल्या, मसाला भुरभुरलेले गरम गराडू आले, लिंबू आलं. तेवढ्यात भास्कररावांचा फोन वाजला. अक्का होती.

"झालं का बोलून?"

"झालं."

"आणि?"

"कारखाना माझ्यामुळे गेला नव्हता, अक्का."

"वेडा कुठला," ती म्हणाली. "मला विचारलं असतंस तर सांगितलं असतं. तू कधी एवढा मोठा नव्हतासच." मग नेहमीच्या सुरात, "जेवायला येतोयस का?"

"आज इथेच राहीन म्हणतो. उद्या मांडूला जाऊन येऊ, मारुतीकडे. परवा येतो."

"आणि रक्तदाबाच्या गोळ्या?"

"त्या राहिल्या घरी."

"उदाजीरावांच्या घेऊ नकोस म्हणजे झालं," अक्का म्हणाली. "दुकानातून आपल्या घे. नाव लिहून घे, सांगते."

भास्कररावांनी खिशातली तीन पानं काढली, शेवटच्या पानाच्या पाठीमागे गोळीचं नाव लिहून घेतलं, आणि बशीतला दुसरा गराडू उचलला.